वाकडं हसू, मुखपृष्ठावर

४ मार्च

झगा त्या मुलीच्या अंगात गेलाच नाही! बटणंच लागेनात. आणि चूक सगळी माझी.

झालं असं — मागच्या आठवड्यात आमच्या शिवणाच्या दुकानात एक फोटोवाली आली. प्रेमकादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांचे फोटो काढते म्हणे. गडद हिरवा पायघोळ झगा, पाठ उघडी, खाली बारीक बटणांची रांग. तो तिच्या मॉडेलच्या मापानं आत घ्यायचा होता. माप भिंतीवर टाचलेलं होतं, माझ्या डोळ्यांसमोर. पण मला मेलीला एक खोड आहे. मागच्या खोलीत दार लावायचं, कपडा आधी स्वतःच्या अंगावर चढवायचा आणि मग टाचण्या लावायच्या. हा झगा इतका सुरेख की टाचण्या लावता लावता तो माप सोडून मलाच बसत गेला. कळलंच नाही. की कळलं होतं? जाऊ दे.

आज सकाळी फोटोवाली तणतणत आली. कुणाच्या मापानं शिवलाय हा, म्हणाली. मालकीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी मास्कच्या आतून पुटपुटले, माझ्या. वाटलं, गेली नोकरी. तर तिनं मला खांद्याला धरून वळवलं, पाठ बघितली, केस वर धरून मान बघितली — बाजारात भाजी निवडावी तसं!

"मग तुम्हीच चला," म्हणाली. "खाली गाडी उभी आहे."

गाडीत मी तिला खरं काय ते सांगून टाकलं. माझा अर्धा चेहरा चालत नाही. डावीकडचा. म्हणून मास्क. ती गाडी वळवत म्हणाली, मला पाठ हवी आहे, तोंड दुकानात ठेवून आल्या असतात तरी चाललं असतं. एरवी असं कुणी बोललं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आज गेली नाही.

५ मार्च

काल बोटं दुखेपर्यंत लिहिलं आणि खरी गंमत राहिलीच — हिरो नव्हताच!

फोटोवालीचा स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं गॅरेज. भिंतीला राखाडी पडदा, केस उडवायला एक टेबलफॅन, आणि मधोमध कोट घातलेला शिंप्याचा पुतळा. मुंडकं नाही. मी त्याचं नाव बिनडोक्या ठेवलं. त्याच्या गळ्यात पडायचं होतं मला! खऱ्या हिरोचे फोटो महिन्यापूर्वीच काढून झालेत. त्यानं गादीच्या वळकटीला मिठी मारली होती. आता काका — म्हणजे मुखपृष्ठ तयार करणारे गृहस्थ — कॉम्प्युटरवर गादी आणि पुतळा काढून टाकणार आणि आम्हा दोघांना एकमेकांच्या मिठीत घालणार. सगळ्यांचं असंच असतं म्हणे. इतकी वर्षं ही चित्रं बघून मी उसासे टाकले, आणि त्या मिठ्या कुणी कुणाला मारलेल्याच नव्हत्या!

मास्कची दोरी मागून दिसते म्हणून मास्क काढावा लागला. कॅमेऱ्याकडे पाठ, म्हणून काढला. फोटोवाली मागून सांगत होती — खांदे सैल सोडा, मान कलती करा, याच्यावर भरवसा आहे असं उभ्या राहा. बिनडोक्यावर भरवसा ठेवणं सोपं गेलं. तो काही बोलणारच नव्हता. मी कोटाला गच्च धरलं आणि — त्याचा हात खांद्यातून निखळून माझ्या पायावर पडला.

मला हसू फुटलं. तोंड उघडून, खो खो. हसत हसत मागे वळले तेवढ्यात कॅमेरा वाजला. लगेच हातानं तोंड झाकलं. फोटोवालीनं पडलेला हात उचलून पुतळ्याला परत बसवला.

पण हसले खरी.

८ मार्च

पाठ बघायला दोन आरसे लागतात. आईनं दारातून विचारलं, पुरळ उठलंय का.

१२ मार्च

आईला सांगून टाकलं. तिचं पहिलं वाक्य — "पाठ? आणि एवढी?" दुसरं — झगा बरा होता ना शिवलेला, की घाईघाईत दोरे लोंबत होते? झालं, मिळाली परवानगी.

आईला वाटतं मी उगाच हुरळते आणि मग आपटते. तिचंही बरोबर आहे. दीड वर्षापूर्वी एका सकाळी चहा पिताना तो हनुवटीवरून ओघळायला लागला. आरशात बघते तर अर्धं तोंड खाली उतरलेलं. डॉक्टर म्हणाले, नस सुजली आहे, होईल बरं. थोडं झालं. डोळा मिटायला लागला. ओठाचा कोपरा मात्र बसला तो बसलाच. आणि मग ते दिराच्या घरचं जेवण. फोटो काढायला सगळे उभे राहिलो आणि 'तो' सगळ्यांदेखत म्हणाला, "तू हसू नकोस. फोटो बिघडतो." सगळे पुन्हा ओळीत नीट उभे राहिले. मी बाजूला होऊन सगळ्यांच्या पर्सा धरून उभी राहिले.

पुढचं काय लिहायचं. चार महिन्यांनी आईकडे आले ती कायमचीच. तेव्हापासून मास्क. तेव्हापासून हसले नाही — त्या हात निखळण्यापर्यंत.

रोज सकाळी आई मला आरशासमोर बसवते. गाल फुगव, ओठांचा चंबू कर, शिट्टी वाजव. शिट्टी कसली, नुसती हवा जाते फुस्स. नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणायची सोय नाही, कारण इथे अंगण खरंच वाकडं आहे! व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, वर्षाच्या वर गेलं की आशा धरू नका, पण सोडूही नका. आईनं त्यातला दुसरा अर्धाच ऐकला.

२० मार्च

मुखपृष्ठ तयार!! काकांनी बोलावून दाखवलं. मी एका उंच पुरुषाच्या मिठीत, मागे समुद्र. माझी पाठ! शंभर वेळा पाहिली तरी मन भरेना. काकांना विचारलं, कोटाच्या बाहीवर टाचणी राहिली होती, ती कुठे गेली? काकांनी समुद्राकडे बोट दाखवलं. बुडवली म्हणे.

३ एप्रिल

सावकाश लिहिते.

दुपारी दुकानात फोन. कादंबरीच्या लेखिकाबाई, स्वतः! फोटोवालीनं त्यांना निवडीसाठी सगळे फोटो पाठवले, त्यात तोही गेला — वळून हसतानाचा. बाई म्हणाल्या, पाठमोरी बाई कुणीही असू शकते, मला ही हवी. त्यांची नायिका बेचाळीस वर्षांची आहे, नवरा सोडून आलेली, आणि पुस्तकाच्या शेवटी कुठे एकदाची हसते. ते पाठीचं चित्र रद्द. आता पुढून, एकटी, पानभर हसणारी. मी!

मी म्हटलं, बाई, माझं तोंड वाकडं आहे. त्या म्हणाल्या, दिसलं मला. तुम्हाला नको असेल तर काका ते सरळ करून देतील. करायचं की नाही ते तुम्ही ठरवा, चेहरा तुमचा आहे.

सरळ करून देतील! दीड वर्षात कुणाला जमलं नाही आणि काका देतील करून! संध्याकाळी घरी येताना मी चुकीच्या गल्लीत शिरले आणि तशीच चालत राहिले.

९ एप्रिल

काकांकडे गेले. त्यांची युक्ती सोपी आहे. माझा उजवा अर्धा चेहरा उचलायचा, उलटा करायचा आणि डाव्यावर बसवायचा. चहा गार व्हायच्या आत झालं. पडद्यावर एक बाई दोन्ही बाजूंनी सारखी हसत होती. सुंदर! अगदी बिस्किटाच्या पुड्यावर असते तशी. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. काका म्हणाले, घरी घेऊन जा, झोपा, उद्या सांगा. दोन्ही छापून दिले.

मला कसली झोप. ठरलंय माझं — सरळच! 'त्या'नं दुकानात बघावं आणि त्याच्या हातातली पिशवी गळून पडावी. एवढंच मागणं आहे. जास्त नाही.

१० एप्रिल

सकाळी सरळवाला फोटो आईसमोर ठेवला. काही सांगितलं नाही. तिनं चष्मा पुसला, फोटो खिडकीशी नेला, उलटसुलट बघितला.

"छान आहे. कोण गं ही?"

मी गंमत समजले. गंमत नव्हती. मग दुसरा पुढे केला, तर तिनं हातात घेण्याआधीच म्हटलं, हा कधी काढलास? आणि मग बराच वेळ तो खाली ठेवीना. म्हणाली, तुझं हसू लहानपणापासून उजवीकडूनच सुरू व्हायचं, डावीकडे पोचायला वेळच लागायचा. आता पोचत नाही एवढंच.

मला राग आला. इतका की न जेवता दुकानात गेले. दिवसभर काज करत होते आणि प्रत्येक काजाला वाटत होतं, आईला काय कळतं. संध्याकाळी मागच्या खोलीत दार लावून दोन्ही फोटो आरशाला टेकवले, मास्क काढला आणि हसून बघितलं. आरशातली बाई आणि एक फोटो, दोघी ओळखीच्या होत्या. ती पुड्यावरची तिसरीच कुणीतरी होती. पर्सा सांभाळायला बाजूला उभं राहायची वेळ आता माझ्यावर आली होती, माझ्याच फोटोत! दुसऱ्यांदा? नाही.

काकांना फोन केला. वाकडंच छापा.

करून बसले!

१८ मे

पुस्तक आलं! बसथांब्यासमोरच्या दुकानात, काचेत, एका ओळीत सात. सात मी! सगळ्या वाकड्या, सगळ्या हसतायत. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बघितलं, मग अलीकडे येऊन बघितलं. शेवटी थांब्यावर येऊन बसले, तेवढ्यात एक बाई ते पुस्तक घेऊन बाहेर आली आणि थांब्यावर माझ्याच शेजारी बसून वाचायला लागली. मधेच पान मिटून मुखपृष्ठ बघायची, पुन्हा वाचायची.

मी मास्क काढला. तिनं वर बघितलं. पुस्तकाकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे.

"शेवटी तो परत येतो का हो?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, मला माहीत नाही, मी फक्त बाहेर असते. आणि दोघी इतक्या हसलो की बस निघून गेली.

मास्क पर्समध्येच राहिला. घरी येईपर्यंत आठवलंही नाही.

२२ मे

बेकरीत रांगेत माझ्यापुढे हिरो! तोच, पहिल्या मुखपृष्ठाचा, ज्याच्या मिठीत मी समुद्रकाठी होते. ओळख ना पाळख. त्यानं मला बाजूला व्हा म्हटलं आणि दोन पाव घेऊन गेला. आईला सांगितलं तर म्हणते, तुझ्यापेक्षा ती गादीची वळकटी बरी, निदान त्यानं तिला नीट धरलं तरी होतं.

३ जून

लेखिकाबाईंचा निरोप — पुस्तकाला मागणी आहे, आणखी दोन भाग येणार, तीच नायिका, तेच हसू. वाचणाऱ्या बाया हसण्याबद्दल पत्रं पाठवतायत! दुसरा भाग लिहून झालाय. तिसऱ्याचं मात्र पहिलं वाक्यच सुचत नाही, म्हणून बाई वैतागल्या आहेत. तिन्ही भागांच्या मुखपृष्ठांवर एकच वाकडं हसू, म्हणजे दुकानात लांबून ओळखू येईल. मी हो म्हटलं. दोनदा म्हटलं.

'त्या'चाही फोन येऊन गेला. पुस्तक बघितलं म्हणाला, बरी दिसतेस. मी चुलीवर दूध आहे सांगून ठेवला. दूध नव्हतं.

१७ जून

शिट्टी वाजली.

सकाळी आरशासमोर, नेहमीसारखा चंबू केला, फुंकलं — आणि वाजली! बारीक, चिरकी, पण शिट्टी. आई हातात लाटणं घेऊन धावत आली. पुन्हा वाजव, म्हणाली. पुन्हा वाजली. हसून बघितलं तर डावा कोपरा हलला. थोडा उशिरानं, पण वर गेला. आई तिथेच जमिनीवर बसून रडायला लागली.

आणि मी? मला सुचलं ते हे — अरे देवा, अजून दोन मुखपृष्ठं बाकी आहेत! चोरी पकडल्यासारखी लेखिकाबाईंना फोन लावला. बाई, शिट्टी वाजली, तोंड सरळ व्हायला लागलंय, आता कसं करायचं? पलीकडे ड्रॉवर धाडकन उघडल्याचा आवाज. वाटलं, चिडल्या.

मग म्हणाल्या, "ठेवा फोन. मला पहिलं वाक्य मिळालं."

कुठलं, ते विचारायचं राहूनच गेलं. पण मला माहीत आहे. आजच्या नोंदीत मी तेच सगळ्यात वर लिहिलंय.