मान हलवली ती मी

११ फेब्रु., अमरावती
अकोल्याच्या कोर्टाचं पत्र आलं. आमच्या मूकबधिर शाळेची जुनी विद्यार्थिनी नंदा, आता सतरा वर्षांची. अकोटला तिच्या मामाला घरात शिरून कुणीतरी रॉडने मारलं. मामा अजून उठत नाही. पाहणारी ही एकटीच. शेजारच्या दिलीपवर केस. नंदाच्या खुणांचा अर्थ कोर्टाला मी सांगायचा. हेडबाईंनी रजा दिली, तोंड वाकडं करून.

१८ फेब्रु., अकोला
शपथ घेतली. सरतपासणी, म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न, छान झाली. नंदाने दिलीपकडे सरळ बोट दाखवलं. पोरगी धीट!
जेवणानंतर उलटतपासणी. दिलीपचे वकील शांत, आवाज चढवला नाही. तिसरा प्रश्न: चेहरा दिसला, की पळणाऱ्याची पाठ? नंदा थांबली. माझ्याकडे पाहिलं. मग खूण केली, चेहरा.
चौथ्याला दोन्ही हात काखेत दाबून बसली. पाणी दिलं, दिलीप दिसू नये म्हणून पडदा लावला, अर्धा तास थांबलो. हात निघेनात. न्यायाधीशांनी उलटतपासणी तिथेच संपवली. वकील म्हणाले, "साहेब, माझे खरे प्रश्न तर राहिलेच."
बाहेर नंदाची आई: "मॅडम, तुमी होत्या म्हनून बोलली थे. आता नाही आनत मी तिले इथं."
पायऱ्यांवर दिलीपची बायको: "बाई, तिले आनखी इचारता आलं नसतं का?" नाही म्हटलं आणि बस पकडली.

१९ फेब्रु.
वर्गात एक मुलगी बेरजेला अडली. मी मान हलवली, हं, पुढे. तिने लगेच उत्तर दिलं.
काल हेच केलं. नंदा थांबली, मी मान हलवली, मग तिने चेहरा सांगितला. वीस वर्षांची मेली खोड! साक्ष टिपायला कोर्टात कॅमेरा होता, पण फक्त तिच्यावर; माझी मान त्यात नाही.

२२ फेब्रु.
अकोटला जाऊन नंदालाच विचारावं असं तीनदा वाटलं. खरंच चेहरा दिसलाही असेल. पण विचारलं तर पुन्हा माझ्याच तोंडाकडे बघणार. नाही गेले. लाज वाटते, भीतीही. दिलीपने मारलं असेल आणि माझ्यामुळे सुटला तर...

२ मार्च, अकोला
अर्ज दिला. प्रश्न आणि उत्तराच्या मधे मी मान हलवली, एवढंच लिहिलं. न्यायाधीशांनी दोनदा वाचला. वकील उठले, साक्षीदाराला परत बोलवा म्हणाले. नंदाची आई, जखमीची सख्खी बहीण, मागे बसलेली. माझ्याकडे पाहिलं नाही.
न्यायाधीश म्हणाले, "बोलावता येईल. पण तुम्ही नको. तिच्या खुणा आणखी कुणाला कळतात?"
निम्म्या खुणा घरच्या, निम्म्या मी शिकवलेल्या.
"तिच्या आईला," मी म्हणाले. "बाकी कुणालाच नाही."