घासलेली गोळी

झाशी

चि. मेघना,

बारशाला मी तुझ्या लेकीला हातात घेतलं नाही. गाडीचं निमित्त सांगून निघालो. मुलगी झाली म्हणून आजोबा नाराज, असं तुझ्या सासरी ठरलं. तुझेही फोन कमी झाले.

खरं सांगतो. तुझी आई गेल्यापासून मन शांत राहायची गोळी घेतोय. अर्धीवरून दोनवर गेलो, तरी गुण येईना. शरीराला तिची सवय झाली होती. मग बारशाआधी चार दिवस, मशीन बंद करावी तशी मीच ती एकदम बंद केली. हात इतके कापायला लागले की बाळ निसटेल असं वाटलं.

इथले डॉक्टर रागावले. म्हणाले, "आदत छूटेगी भाईसाहब, लेकिन धीरे-धीरे." आता ते सांगतील तेवढीच गोळी पॉलिश पेपरवर घासून कमी करतो. कारखान्यातली सवय. सहा महिने झाले. थकलोय गं.

आज पाच किलो आट्याची थैली तुझ्या जुन्या दुपट्यात गुंडाळून घरभर फिरलो. हात कापले, पण थैली पडली नाही.

हे पत्र टाकायचा धीर नाही. संध्याकाळी फोनवर फक्त बाळाचं वजन विचारीन. तेवढं सांग.

तुझे,
बाबा