कान्होजींची हजेरी

१० ऑक्टोबर १९५६
धारहून बदली होऊन आज ग्वाल्हेरीस रुजू झालो. खासगी बाजारात हवेशीर खोली मिळाली, जिलबीही गरम मिळाली. काम पत्रव्यवहाराचे. पाच महाभूते पाठ केलेल्या माणसाला सरकारने सहाव्याच्या शोधात धाडले आहे! गावाबाहेरच्या शेडमध्ये गॅसबत्तीच्या मेंटलांचा टाकाऊ भुगा, शिशाचे अस्तर लावलेल्या हौदात, गरम तेजाबात विरघळवतात. मग फडक्यातून गाळून त्यातला पांढरा क्षार वेगळा काढतात. हेच ते दुर्मिळ मृदाधातू. मुकादम संभाजीराव म्हणाले, चाखा शास्त्रीबुवा, गोड लागतो. खरेच लागतो. मधुपर्क समजून गिळला. बाकी कोणी हसले नाही. सगळे माझी भिकबाळी पाहत होते.

१२ ऑक्टोबर
मंडळी तुटक. पाण्याचा माठ कुठे, तेही सांगत नाहीत. एक नोव्हेंबरला मध्यभारत मोडणार. नव्या राज्याच्या साहेबाला एक जागा जरी रिकामी दिसली तरी शेड बंद, ही सर्वांची धास्ती. हौदावरच्या जागा बारा, माणसे मला सोडून अकरा. बारावे कान्होजी श्रावणात हौदात पडले. वर कोणी कळवलेच नाही. रोज दहाला त्यांचे नाव पुकारतात आणि कोणीतरी "हजर" म्हणते. आता ते मी म्हणायचे. संभाजीराव म्हणाले, आमचे लोक डरतात, तुम्ही मंत्रवाले. माझी धारची जागा रद्द झाली आहे. नाही म्हणून जाऊ कुठे?

१३ ऑक्टोबर
म्हटले. परक्यांच्या पितरांना पिंड दिलेल्या माणसाला एका "हजर"चे काय जड?

१९ ऑक्टोबर
गाळणीच्या फडक्यात सोन्याची तार सापडली. कान्होजींच्या भिकबाळीची. मोती तेजाबाने खाल्ले, सोने राहिले. संभाजीरावांनी ती हौदात परत टाकली. आज चौथ्यांदा वर आली, म्हणे. माझे तोंड दिवसभर गोड.

२४ ऑक्टोबर
नाव पुकारले. मी ओठ उघडण्याआधीच हौदातून "हजर" आले. आवाज माझा होता. सगळे माझ्याकडे वळले. कोणी दचकले नाही.

२७ ऑक्टोबर
बोटांची टोके गुळगुळीत, रेषा गेल्या. भिकबाळीचे मोती खडबडीत. बदलीसाठी अर्ज लिहिला — खाली सही केली ती कान्होजी अशी. संभाजीरावांनी वाचून खिशात घातला. म्हणाले, नावाने रोज बोलावलेला माणूस येणारच, बुवा. तुमच्या तोंडातून तो बाहेर आला. आता त्याची हौदातली जागा — रिकामी जागा इथे चालत नाही.

३० ऑक्टोबर
स्टेशनवर निघालो. अकराही जण फाटकात. वाट सोडली नाही; मागे फिरलो.

३१ ऑक्टोबर
साहेब आला. "कान्होजी!" हौदाकाठी पांढरट माणूस — कानात नुसती तार — "हजर". मोजून बारा. साहेब खूश. मग विचारले, तो धारचा पांडुरंगराव? संभाजीराव म्हणाले, आलाच नाही, साहेब. मी ओरडलो — साहेबासमोर उभा राहून — त्याने हौदाकडे पाहिले, कसला आवाज म्हणाला —

मोती गेले. दौत गरम आहे. शाई गोड —

ते अकराही जण हौदाकाठून पुकारताहेत. माझे नाव. उत्तर दिले की हौदातली जागा भरली. उत्तर द्यायचे नाही. नाही द्यायचे. जीभ आपोआप — ह