लिंबाच्या कुंडीतलं खत

३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

रोपवाटिका तुझी, आणि लिंबू मरतंय माझ्या गॅलरीत! आईच्या हातचं हे एकच झाड उरलंय, नि त्याची पानं कडेने करपलीत. रविवारी मी खत घातलं. सोमवारी बाबांनी. मंगळवारी परत त्यांनीच! विचारलं तर म्हणतात, अगं, अजून कुणी घातलंच नाही. डबा लपवला तर घरभर शोधत फिरले, जेवायलाही बसेनात. आई महिनाभर पाठी लागायची तेव्हा हे एकदा खत घालायचे, आठवतंय ना? आता रोज! माझं डोकं पिकलंय. झाड वाचव, नाहीतर बाबांना तुझ्याकडे घेऊन जा.

तुझी, वैतागली तरी माया न आटलेली,
ताई

७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कपाळ माझं! पान वाळलं की खत, पान पडलं की खत. अगं, खत म्हणजे औषध नव्हे, झाडाचं जेवण. तेही कुंडीला दोन महिन्यांतून एकदा, मूठभर. आता तीन दिवस कुंडीच्या खालून वाहेपर्यंत पाणी ओत, आणि तो डबा शेजारी देऊन टाक. सोबत दुसरा पाठवतोय. वर मोठ्या अक्षरात 'खत, रोज एक चमचा' लिहिलंय. आत नुसती चाळलेली माती आहे. बाबांना बोलू नकोस. घालू देत.

ओरडलो म्हणून अबोला धरू नकोस.
बारक्या

२ एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

गाढवा, डब्यावर खत लिहून माती पाठवतोस? मी विसरतो, हे खरं. पण जन्मभर शिंपीकाम केलंय, बोटं नाही विसरलेली. चिमटीत धरताच कळलं. तुझ्या ताईला काही सांगू नकोस, बिचारी मला फसवल्याच्या आनंदात आहे.

लिंबाला नवी पानं फुटलीत. तुझी आई सांगून सांगून थकायची आणि मी जागचा हलायचो नाही. ती गेल्यावर तरी रोज उठावं म्हटलं, तर तिचं झाडच मारायला निघालो होतो. त्यापेक्षा माती बरी. चमचाभर घातली की तिला सांगता येतं, घातलं गं.

डबा संपत आलाय, दुसरा पाठव. अक्षर असंच मोठं काढ, म्हणजे ताईला शंका यायची नाही.

तुझ्यावर चिडलेला, तरी तुझाच,
बाबा