मे महिन्यातला हुरडा

२६ ऑक्टोबर, रविवार
आज आलेले सामान: कॅमेरा एक, मेमरी कार्ड एक, चार्जर एक (वायर पिवळी पडलेली). मेघाने पारशिवनीच्या एसटीत कंडक्टरजवळ दिले होते. किंमत शून्य. यांचे स्टँडपर्यंतचे पेट्रोल वीस, कंडक्टरला चहा दहा. एकूण तीस.
मेघा माझी सख्खी धाकटी बहीण. कॅमेरा तिच्या यजमानांचा, धम्मानंदचा, जुना. फोनवर म्हणाली, ताई, प्रीतीच्या लग्नात कामी येईल, आत मागचे फोटोबी आहेत.
लग्न ३० नोव्हेंबरला. फोटोवाला मागतो चाळीस हजार. संकल्प: लग्नाचे फोटो मी काढणार, हॉलमध्ये पडद्यावर लावायची फिल्मही मीच बनवणार. दहावी पास आहे. घरचा हिशोब आजवर चुकला नाही, फोटो काय चीज आहे!

२७ ऑक्टोबर, सोमवार, वंदना झाल्यावर
कॉम्प्युटरवर फोटोंचे सॉफ्टवेअर घेतले. फुकट. प्रीती म्हणत होती, आई, ऑफिसमधल्या मैत्रिणीला चांगलं विचारून सांगते. कशाला? फुकटवाले उघडले की.
कॅमेऱ्याच्या कंपनीचे नाव कोणी ऐकलेले नाही, पण आहे गुणी. फोटो कोणत्या तारखेला काढला, कुठे काढला, सगळे फोटोच्या पोटात लिहून ठेवतो. सॉफ्टवेअर ते वाचून तारीखवार लावून देते. अगदी माझ्यासारखे. यंत्र असावे तर असे.
बरेच फोटो आडवे येत आहेत, माणसे खाटेवर निजल्यासारखी. मान वाकडी करून थोडे पाहिले. मान आखडली. आडवे सगळे नंतर पाहीन.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
एक फोटो सापडला. मेघा शेतात, अंगात स्वेटर, हातात हुरड्याचे कणीस, दात काढून हसते. खाली तारीख: १ मे २०२५.
१ मे म्हणजे माझ्या प्रीतीचे साक्षगंध, साखरपुडा! त्या दिवशी सकाळी हिचा फोन आला होता, ताई, मले ऊन लागलं, सलाईन चालू आहे, येणं नाही होत. मी रडले होते. रडता रडता दोनशे माणसांचे जेवण सांभाळले. आणि ही तिकडे हुरडा खाऊन राहिली होती.
पंचशीलातले चौथे शील: खोटे बोलू नये. सख्खी बहीण.

२९ ऑक्टोबर, बुधवार
यांना फोटो दाखवला. म्हणाले, काहून डोकं खराब करून राहिली? मे महिन्यात हुरडा येते कुठून वं? आणि त्या उन्हात स्वेटर?
मी सांगितले, आजकाल सगळे बारमाही मिळते. आणि ताप आला की थंडी वाजते, म्हणून स्वेटर. म्हणजे तापाचे तेवढे खरे असेल.
हे म्हणाले, हुरड्याले तर आपण जानेवारीत गेलो होतो, तोच फोटो असंल.
तोच तर मुद्दा आहे! जानेवारीत आम्हाला बोलावले, आणि मेमध्ये दुसरा हुरडा केला तो आम्हाला न सांगता. यांनी पेपर उघडला. पुरुषांना पुराव्याचे काही नसते.

३० ऑक्टोबर, गुरुवार
अजून दोन गोष्टी आढळल्या. न लपवता लिहिते, मला कोणाची भीती नाही.
एक: धम्मानंद मोबाईलवर बोलतो आहे, त्या फोटोवर तारीख १ जानेवारी १९७०. तेव्हा त्याचा जन्म नव्हता, मोबाईलचाही नव्हता.
दोन: नकाशाचे बटण दाबले, तर मेघाचे शेत पारशिवनीत नाही, पार वर उत्तर ध्रुवाजवळ, बर्फाच्या बेटावर निघाले. हे इतके हसले की ठसका लागला. म्हणे, आता समजलं स्वेटर काहून घातलं होतं.
माझा निष्कर्ष: नकाशाचे खाते वेगळे असते, ते कच्चे आहे. १९७० ही किरकोळ चूक. १ मेच्या तारखेत मात्र दोष नाही. ती स्पष्ट लिहिलेली आहे.

२ नोव्हेंबर, रविवार
विहारात वंदनेला येणाऱ्या म्हाताऱ्या बायजाबाईंना विचारले, खोटे बोलणाऱ्याचे काय करावे? म्हणाल्या, पोरी, आधी त्याले प्रेमानं विचारावं.
प्रेमानेच विचारायचे ठरवले. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला, तारखेसकट, आणि खाली लिहिले: सलाईन गोड होती का? शेवटी हात जोडलेले टाकले. याहून प्रेमाने कसे विचारतात?

३ नोव्हेंबर, सोमवार
मेघाचे उत्तर: ताई, तुले लाज नाही वाटत? दवाखान्याचा कागद दाखवू का?
मी लिहिले, कागद कोणीही आणते, कॅमेरा खोटे बोलत नाही.
ती ग्रुपमधून निघून गेली. फोन लावला तर लागत नाही. हे म्हणाले, ब्लॉक केलं तुले. खऱ्याला असेच सोसावे लागते.

५ नोव्हेंबर, बुधवार, पौर्णिमा
पांढरे पातळ नेसून विहारात गेले. मैत्रीभावना केली. सर्व प्राणी सुखी होवोत म्हणताना मेघापाशी अडखळले, पण म्हटले. तिच्यावर माझा राग नाही, फक्त पत्रिकेवर छापायच्या नावांतून तिचे नाव काढले आहे.
संध्याकाळी प्रीतीला कळले. ताट सरकवून उठली. म्हणाली, तुझ्या बाळंतपणानंतरच्या आजारात मले वर्षभर कोणी पाजलं, कोणी न्हाऊ घातलं? मावशी आली नाही तर मी हळदीले बसत नाही. बसवून दाखव.
बोलते तसे करणारी पोरगी आहे. रात्रीचा वरणभात उरला.

९ नोव्हेंबर, रविवार
प्रीती सकाळपासून कॉम्प्युटरपाशी. मग मला बोलावले. म्हणाली, आई, फोटोत तारीख लिहायची ठरलेली रीत असते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. हा कॅमेरा आपल्या मनाचा राजा आहे, महिन्याच्या जागी दिवस लिहिते. सॉफ्टवेअर बिचारं रीतीप्रमाणे वाचते. म्हणून ५ जानेवारीचा झाला १ मे. धम्मानंदकाकांचा फोटो १४ जानेवारीचा, चौदावा महिना सापडला नाही म्हणून थेट १९७०. नकाशाचे आकडेही तसेच उलटे लिहिले, म्हणून पारशिवनी बर्फात.
मी म्हटले, एवढे उलटेसुलटे कोणती कंपनी करते? तू मावशीची बाजू घेऊन राहिली.
मग तिने आडवे फोटो सरळ केले. मानेमुळे माझे पाहायचे राहिले होते ते.
त्यातल्या एकात मोहरी रंगाची शाल घेतलेली बाई मेघाच्या शेजारी बसून पिशवीत हुरडा भरते आहे. गाल फुगलेले, तोंडातही हुरडा. शाल माझी. बाई मी. तारीख: १ मे २०२५.
हे चष्मा लावून जवळ आले. म्हणाले, साक्षगंधाच्या दिवशी तू दोनशे माणसाईले वाढून राहिली होती ना वं? मग इकडं कोण आहे?
मी गॅसवरचे दूध पाहायला गेले.

१० नोव्हेंबर, सोमवार
मेघाचा फोन अजून लागत नाही. प्रीतीला म्हटले, तुझ्या फोनवरून लाव, तू बोल. नाही म्हणाली, तोडलं तू, जोड तू. यांना म्हटले, पारशिवनीला जाऊन या. म्हणाले, मी उत्तर ध्रुवावर नाही जात, मले थंडी सोसत नाही.
ग्रुपवरचा मजकूर पुसायला गेले. फक्त माझ्याकडून पुसला गेला, बाकी सगळ्यांकडे आहे.
फोटोवाल्याला आगाऊ रक्कम दिली. कॅमेरा कपाटात ठेवला.

११ नोव्हेंबर, मंगळवार
पोस्टातून तिकीट लावलेले पाकीट आणले. कार्ड स्वस्त पडते, पण पारशिवनीचा पोस्टमन वाचेल. मजकूर इथे उतरवून ठेवते:

चि. मेघास अनेक आशीर्वाद. आम्ही सर्व खुशाल. विशेष, तुमच्या कॅमेऱ्याने फार घोळ केला, पण जुनी वस्तू आहे, मी त्याले माफ केलं आहे. तूही कर. तुझी तब्येत मे महिन्यात खरंच खराब होती असं समजलं. आता कशी आहे? जानेवारीतला हुरडा फार गोड होता, हे तेव्हा सांगायचं राहिलं. प्रीती तुझ्याशिवाय हळदीले बसत नाही म्हणते, आणि मलेही पोरीले हळद एकटीनं लावणं होणार नाही. पत्रिका सोबत आहे, तुझं नाव पहिल्या ओळीत घातलं आहे, ते पेनानं लिहिलं म्हणून वाईट मानू नको. फोन बंद ठेवलास तरी चालेल, पण येतेस की नाही, तेवढं उलट टपाली कळव.