सतरा नंबरच्या उंदरीची काळी पाठ

सौ. ताईस धाकट्या तेसॉपचा वाकून नमस्कार.

आंदोंगला थंडी सुरू झाली असेल. दिवसभर उभं राहून सुजणारे तुझे गुडघे कसे आहेत? भाओजींचा खोकला? इकडे दैगूत सगळं क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

तू गावभर सांगतेस, भाऊ शास्त्रज्ञ आहे. काळ्या उंदराची नखाएवढी कातडी पांढऱ्याच्या पाठीवर शिवायची आणि शरीर ती परकी म्हणून किती दिवसांत झिडकारतं ते मोजत बसायचं, हे माझं शास्त्र. (माणसाला दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं की हाच घोटाळा होतो, म्हणून हा खटाटोप.) अर्ध्या उंदरांना प्राध्यापक प्यो यांचं नवं औषध, अर्ध्यांना नुसतं पाणी. पाणीवाल्यांची कातडी दहाव्या दिवशी गळते, औषधवाल्यांची बाराव्या. (या दोन दिवसांपायी सरांची सहा वर्षं गेली.)

यंदा मात्र पाणीवाल्यांतली सतरा नंबरची उंदरी तिसाव्या दिवशीही पाठीवर काळा ठिपका मिरवत हिंडत होती! औषधाविनाच शरीरानं परकी कातडी आपली मानली, म्हणजे मोठाच शोध! कधी न हसणारे प्यो सर हसले. त्यांनी सगळ्यांना डुकराचं मांस भाजून खाऊ घातलं, तांदळाची दारू पाजली आणि टेबलावर उभं राहून गाणं म्हटलं. (पुन्हा म्हणू नये असं सगळ्यांचंच मत पडलं.)

चार दिवसांनी सकाळी लवकर गेलो, तर पिंजरे साफ करणाऱ्या ओक काकू सतराला रताळ्यात काहीतरी कालवून भरवत होत्या. काकूंना स्वतःलाच नवऱ्याचं मूत्रपिंड बसवलेलं आहे, आणि रताळ्यात होती ती शरीरानं ते झिडकारू नये म्हणून घ्यायची त्यांची गोळी. अर्धी उंदरीला, अर्धी स्वतःला, महिनाभर!

"काकू, हे काय?"

"बाकीच्यांना औषध देता, हिनंच काय घोडं मारलंय रे?"

मला हसू येणार तेवढ्यात त्यांच्या पायांकडे लक्ष गेलं. सुजून टम्म. तसंच त्यांना टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी आठवडा गेला असता तर मूत्रपिंड हातचं गेलं असतं. धावत आलेले माएंग काका (काकूंचे यजमान) दारातूनच ओरडले, "माझं मूत्रपिंड उंदराला वाटून टाकलंस?" आणि मग काकूंच्या उशाशी बसून लहान मुलासारखे रडले. आता सूज उतरलीय. सोमवारी घरी सोडणार आहेत.

प्यो सरांनी प्रयोग रद्द केला.

भाओजींना नमस्कार, तुझ्या गुडघ्यांना शेक.

तुझा,
तेसॉप

ता. क. गोळी थांबल्यावर आठव्या दिवशी सतराची कातडी गळाली. काकू पलंगावरून रोज विचारतात. मी सांगतो, ठिपका छान आहे.

ता. क. २. घरी जाताना काकू तिला बघायला येणार आहेत. तुझ्या पार्लरमध्ये केसांना लावायचा काळा रंग असतो, त्यातला चाटला तरी अपाय न होणारा एखादा शनिवारपर्यंत पाठव. थोडासाच पुरे.

ता. क. ३. हे प्यो सरांना कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण काल जिन्यात त्यांनीच मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुझी ताई केस रंगवते ना रे?"