भरल्या ताटापुढे चूल

तीर्थस्वरूप भिवाजीमामास,

कोंडाण्याहून माधवीचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामीचं पित्त, दोन्ही शांत असतील असं धरून चालते. (नसतील तर पत्र आधी मामीच्या हाती देऊ नका.) कुंभिवलीच्या कारखान्यात तुम्ही माझ्यासाठी टेबल, खुर्ची आणि दुपारचं कँटीन ठरवून ठेवलंत, सोमवारी हजर व्हायचं म्हणता. मी येणार नाही. कारण सांगते, बसून वाचा.

कर्जतच्या कॉलेजात मी जंतूंवर संशोधन करते (तुम्ही त्याला घाणीचा अभ्यास म्हणता). हे जंतू हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल स्वतःच रांधतात, म्हणून मी ते बाहेरून दिलं नव्हतं. प्रत्येक बाटलीत वेगळा वाण. आई डबा घेऊन आली, बाटल्यांत काय आहे ते तिने विचारलं आणि मी मूर्खासारखं सांगितलं की यांना उपाशी ठेवलंय. मी हात धुवायला गेले तेवढ्यात तिने सगळ्या बाटल्यांत चमचा चमचा पेज घातली. वर मलाच म्हणते, "उपाशी कशाला ठेवलंस गं त्यांना? आपल्या दारात कोन उपाशी नाय र्‍हात." सगळं काम पेजेत गेलं. मी रडले, भांडले, आणि मग हट्टाने आईचंच धोरण धरलं: नव्या बाटल्या, तेच वाण, शुद्ध हिस्टिडीन, सगळ्यांना पोटभर.

आता नीट ऐका. पेशीत टीआरएनए नावाचे हमाल असतात. हिस्टिडीन पाठीवर घेतलेले हमाल भराभर यायला लागले की पेशी समजते, माल भरपूर आहे, आणि आपली चूल विझवते. सगळ्यांनी विझवली. एकाने नाही. त्याचं हमाल घडवणारं जनुकच बिघडलेलं, भरलेले हमाल पुरेसे येतच नाहीत. म्हणून ताट समोर असूनही पठ्ठ्या रांधतोच आहे. सर म्हणाले, हा बिघाड आहे. असेल. मला तो फार आवडला, मामा, आणि माझा प्रबंध त्याच्यावरच होणार. आयतं मिळतंय म्हणून मीही चूल विझवणार नाही. उद्धटपणा वाटला तर वाटू दे.

तुमची हट्टी भाची,
माधवी

ता. क. आमच्या प्रयोगशाळेचा फ्रिज बंद पडलाय आणि कोंडाण्यात वीज टिकत नाही. खालापूरला तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे. तो जंतू नळीत घट्ट बंद करून रविवारी आणते. निरुपद्रवी आहे, मामीच्या लोणच्याशेजारी बोटभर जागा पुरेल. तो मेला तर माझा प्रबंध मेला. जेवायलाही थांबेन, तेवढं आयतं चालेल.

ता. क. २. आईपण सोबत येतेय. फ्रिजला कुलूप लागतं ना?